उतरत गेलेला षड्ज

नेरच्या त्या सांधवाडीत पाय ठेवला तेव्हा आधी वास आला. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक सकाळी शिजला असावा. त्याचा आंबूस, उबदार वास अजून रेंगाळत होता, आणि कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर गोडवा अलगद त्यात मिसळला होता. घरामागच्या कुंपणातल्या मोकळ्या जागेला आमच्याकडे सांधवाडी म्हणतात. तिथे एका बाजूला दोन खाटांवर जुनी धोतरं अंथरून कुरडया वाळत घातलेल्या, दुसऱ्या बाजूला नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर सतरंज्या, आणि पेरूच्या झाडाखाली, सावली पडेल अशा बेताने, माझ्यासाठी एक गादी. फाल्गुन सरत आला होता. पाच वाजले तरी उन्हाची धग ओसरली नव्हती, रंग मात्र बदलला होता, आणि त्या पिवळ्या तिरप्या प्रकाशात यजमानीण शोभाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, आलेल्या बायकांना जागा दाखवत होत्या. ते सगळं इतकं सुंदर होतं की आज आठवताना मला त्याचा राग येतो.

अशा अंगणांतून मी तीस वर्षं गायले. यवतमाळात घरी चार मुलींना शिकवायचं आणि कुणी बोलावलं की एसटीत बसायचं. आर्णीला एका कापडदुकानदाराच्या गच्चीवर, उमरखेडला एका डॉक्टरीणबाईंच्या ओसरीवर, कुठे गोठ्याशेजारच्या मांडवात, कुठे नुसत्याच झाडाखाली. कुठल्या संस्थेची मी नव्हते, रेडिओची नव्हते, मंचाचं तर मला वावडंच. वीस-पंचवीस माणसं, माइक नाही, पडदा नाही. सभागृहात अंधार असतो आणि त्या अंधारात टाळ्या सवयीने पडतात. अंगणात श्रोत्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागतो, त्याची जांभई मला दिसते, आणि एखादी जागा मनासारखी लागली की पुढ्यातली म्हातारी सुपातलं निवडणं क्षणभर थांबवते, तेही दिसतं. इथे खोटं बोलायला जागाच नसते, असं मी भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत असे. किती वेळा सांगितलं असेल ते आठवलं की कानशिलं तापतात.

खरं तर माझा गळा बेताचाच. ताना फिरायच्या, पण ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं अशा नव्हेत. माझ्यापाशी होता तो कान. सूर केसभर इकडचा तिकडे झाला की मला दिवसभर अन्न गोड लागत नसे; शेजारच्या लग्नातली सनई उतरलेली असली तर मी खिडक्या लावून घेई; नावाजलेल्या माणसांच्या गाण्यालाही मी या कानाच्या जोरावर नाकं मुरडली आहेत. तिखट कान म्हणतात तो मला फुकट मिळाला होता आणि मी त्याचा माज केला. माज हाच शब्द बरोबर आहे. घर, संसार, मुलंबाळं यांच्या जागी माझ्याकडे हा एक कान होता, आणि तो गेला असता तर मागे काहीच उरत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तबल्यावर बावीस वर्षं एकच माणूस, मनोहरभाऊ. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. लहानपणी वस्तीतल्या जयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत ढोलकी वाजवता वाजवता हातात लय मुरली, तबला मग कुणाकुणाचा बघून शिकले. ग्रीसने कायमची काळवंडलेली नखं आणि त्या नखांखाली इतका मऊ ठेका, की ठेक्यावर बसलं की मला आईच्या मांडीवर बसल्यागत वाटे. वयाने ते मोठे, पण मला ताईच म्हणतात. गेली दोनेक वर्षं मात्र त्यांना एक खोड लागली होती. एक चीज संपली की दुसरी सुरू व्हायच्या आत हातोडी काढायची आणि तबल्याच्या काठावर हलकेच ठोकत बसायचं. मी वैतागत असे. ‘ऊन लागलं का कातडं चढते, ताई, सूर उतरवा लागते,’ ते म्हणायचे, आणि आमच्या यवतमाळच्या उन्हाविषयी वाद कोण घालणार?

मोठा तंबोरा एसटीच्या गर्दीत सांभाळवेना म्हणून मी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा छोटा डबा घेतला होता. तो मनोहरभाऊ आपल्या मांडीआड ठेवत, त्याची बटणंही तेच बघत. साथीला पेटी आम्ही घेत नसू. पेटीचे सूर बांधलेले, त्यात माझ्या मुलतानी रागातला कोमल ऋषभ मावत नाही, असं माझं तत्त्वज्ञान होतं, आणि ते मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात मांडत असे. मनोहरभाऊ मान हलवून म्हणत, ‘कायले पायजे पेटी. आपलं दोघायचं बरं हाय.’ या माणसाला माझं गाणं खरं कळतं, असं तेव्हा मला वाटायचं.

त्या दिवशी नेरला शोभाताईंचे दीर आले होते. पोस्टातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. सरळ, हौशी गृहस्थ. धुतलेला सदरा घालून, आपली पेटी पुसून-बिसून घेऊन आलेले. ताईंना एकदा साथ करायची फार दिवसांची इच्छा आहे, म्हणाले. मनोहरभाऊंनी लगेच मोडता घातला. इथे जागा कमी आहे, उन्हाने पेटी बिघडेल, ताईंना पेटीची सवय नाही. एका दमात इतकं बोलताना मी त्यांना बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मला त्यांच्या या हट्टाची गंमत वाटली. आपल्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसतंय म्हणून भाऊ चिडले, असा मी अर्थ लावला आणि उदारपणाचा आव आणून म्हणाले, बसू द्या हो त्यांना. पोस्टमास्तरांनी चौथ्या काळ्या पट्टीचा, म्हणजे काळी चारचा षड्ज धरला, मी तो घेतला आणि मुलतानी सुरू केली.

मी खरं सांगते, त्या संध्याकाळी मी सुरेख गायले. निदान माझ्या आत जे चाललं होतं ते सुरेख होतं. ऊन पेरूच्या बुंध्यावरून हळूहळू उतरत होतं, मोहोर सतरंजीवर टपटपत होता, आणि एकेक स्वर मोकळा, भरदार, आपापल्या जागी येऊन बसत होता. तीव्र मध्यमावरून पंचमावर आले तेव्हा मला स्वतःलाच भरून आलं. अशा वेळी आयुष्याने आपल्याला काय दिलं नाही याची यादी विसरायला होते. केवळ या दहा-पंधरा मिनिटांसाठी मी तीस वर्षं एसटीचे धक्के खाल्ले होते. मध्येच कधीतरी पेटी बोलायची थांबली. पोस्टमास्तरांना माझ्या जागा झेपल्या नसाव्यात असं मनात आलं, आणि देवाशपथ सांगते, मला बरंच वाटलं.

चीज संपली. मनोहरभाऊंनी हातोडी काढली आणि ठोकायला सुरुवात केली. पोस्टमास्तर थोडा वेळ ऐकत राहिले, मग अगदी निष्पाप कुतूहलाने म्हणाले, ‘भाऊ, तबला उतरवून राह्यले का? माही पेटी तं काळी चारवरच हाय.’

‘कातडं चढलं,’ मनोहरभाऊ खाली बघत म्हणाले.

‘नाही हो, तबला तं मिळूनच होता. सूर तं ताईचा...’ एवढं बोलून पोस्टमास्तर थांबले. त्यांना उमगलं की आपण काय बोलायला निघालो, आणि त्यांचा चेहरा बघून मलाही.

मी म्हणाले, सा द्या. त्यांनी पट्टी दाबली. मी डोळे मिटून षड्ज लावला, आणि पाण्यात पाणी मिसळावं तसा तो मला मिसळलेला वाटला. मला अजिबात फरक ऐकू आला नाही. डोळे उघडले तर पुढ्यातल्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. कुणी पदराचं टोक चाळवत होतं, कुणी उगीच कुरडयांवर बसलेल्या माशा हाकलत होतं. त्या चेहऱ्यांवर कंटाळा नव्हता, चेष्टाही नव्हती. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर माणसांचे चेहरे जसे होतात, तसे ते होते. पोस्टमास्तरांनी भाता बंद केला आणि म्हणाले, ‘माही पेटीच जुनी हाय, ताई. सूर धरत नाही.’ त्या भल्या माणसाने आपल्या जिवापाड जपलेल्या पेटीवर आळ घेतला. शोभाताई लगबगीने पुढे आल्या. ‘गा न ताई. पेटी राहू द्या बाजूले. आमाले तुमचंच गाणं ऐकायचं हाय.’

उठून जायला हवं होतं. पण घरगुती बैठकीत भैरवी झाल्याशिवाय गाणाऱ्याने गादी सोडायची नसते आणि यजमानांनी चुलीवरचं उतरवायचं नसतं; ही रीत मीच वर्षानुवर्षं लोकांना शिकवली होती. मी गात राहिले. प्रत्येक सूर लावताना तो मला बरोबर वाटत होता, आणि बरोबर वाटतोय याचीच भीती वाटत होती. ठेच लागते तेव्हा निदान दुखतं तरी. इथे काहीच दुखत नव्हतं. भैरवी झाली, कुणीतरी वाहवा म्हटलं, वाटीत गूळ घातलेला चीक माझ्या हातात आला, आणि मी तो चवीचवीने खाल्ला, कारण तसं न करणं त्यांना लागलं असतं.

नेरच्या बसस्टँडवर दिवेलागणीला आम्ही दोघं यवतमाळच्या गाडीची वाट बघत होतो. बाकावर मध्ये तबल्याची पिशवी, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मनोहरभाऊ. मी विचारलं, कधीपासून?

‘दोन दिवाळ्या झाल्या,’ ते म्हणाले. ‘आधी जराकसं होतं. म्हटलं थकल्या असान. मंग पाह्यलं का दर चीजीले सूर खाली येऊन राह्यला. तं डबा थोडा उतरवत गेलो, तबला उतरवत गेलो. पेटी नसली का कोणाले समजत नाही.’

‘कुणालाच कळलं नाही?’

समोर एका टपरीवाल्याने दूध उतू जाऊ दिलं, ते आम्ही दोघांनी पाहिलं. ‘शोभाताईले समजलं होतं. आर्णीवाल्यायले बी. तरी बलावत होते, तुमच्यासाठी.’

‘आणि मला सांगितलं काहून नाही तुम्ही?’ रागाच्या भरात माझ्या तोंडी त्यांचीच बोली आली.

‘सांगतलं असतं तं तुमी गाणं सोडलं असतं,’ मनोहरभाऊ म्हणाले. गाडी लागल्यावर पिशवी उचलता उचलता, माझ्याकडे न बघता, ते पुढचं वाक्य बोलले. ‘अन् मंग मी कोणासंगं वाजवलं असतं?’

त्यांचा गळा धरावा असं मला वाटलं, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडावं असंही. दोन्ही केलं नाही. गाडीत खिडकीशी बसले. बाहेर कुणाच्या तरी बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, त्याचा धूर आत येत होता, आणि मी एकेक अंगण आठवत होते. सुपातलं निवडणं थांबवणारी ती म्हातारी कशासाठी थांबली होती? गच्चीवर शेवटपर्यंत बसून राहिलेले ते कापडदुकानदार, फाटकापर्यंत पोचवायला आलेल्या डॉक्टरीणबाई, ‘पुढच्या वर्षी बी या’ म्हणणारी ती सगळी तोंडं. त्यांनी माझं गाणं ऐकलं होतं की मला भेटायला येऊन गेले होते? सभागृहातल्या अनोळखी माणसाने मला खुशाल बेसूर म्हटलं असतं आणि चहा प्यायला निघून गेला असता. ज्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता, ज्यांच्या घरचं मी जेवत होते, त्यांना ते कसं म्हणवणार होतं? मी निवडलेली जागा जगातली सगळ्यात प्रेमळ जागा होती, आणि प्रेमापोटी तिथे दोन वर्षं कुणी मला खरं सांगितलं नाही. त्या प्रेमाबद्दल कृतज्ञ व्हावं हे मला कळतं. होता येत नाही.

यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरांनी कागदावर उतरत जाणारी एक रेघ दाखवली. आवाज ऐकू येतो, पण त्याच्या वरच्या अंगाचा नाजूक झंकार येत नाही. जे येत नाही ते मन आपल्या आठवणीतून भरून काढतं, असं ते समजावून म्हणाले. म्हणजे दोन वर्षं मी आठवणीच ऐकत होते. त्यांनी दिलेलं यंत्र लावलं की बोलणं कळतं, फोडणीची चुरचुर कळते, मात्र तंबोरा पत्र्यावर खडे सांडल्यासारखा वाजतो. यंत्र काढलं की तो पुन्हा गोड होतो, आणि त्या गोडीवर माझा विश्वास उरलेला नाही. मी गाणं थांबवलं. मुलींना दुसऱ्या शिक्षिकेकडे पाठवलं. शोभाताईंचा फोन येतो तेव्हा तब्येतीचं, कुरडयांचं, उन्हाचं बोलते.

इथवर सगळं माझं होतं. माझा कान, माझं गाणं, माझं नुकसान. ते मी कसंबसं पोटात घातलं असतं. पण एका दुपारी भांडी विसळताना हात थांबला, कारण मला प्रणाली आठवली. ती आर्णीची, कॉलेजसाठी यवतमाळात खोली घेऊन राहायची आणि माझ्याकडे शिकायला यायची. कान उपजत, आवाज स्वच्छ. पहिल्या दिवशी तिने षड्ज लावला तेव्हा मी चहा खाली ठेवला होता. त्यानंतर वर्षभर मी तिला रोज एकच सांगत होते, चढतेस, खाली घे. अजून खाली. ती गोंधळून डब्याकडे बघायची. तंबोरा तिला एक सांगत होता आणि मी दुसरंच. तिने तंबोऱ्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. अखेर एक दिवस सूर माझ्या मनासारखा लागला, मी तिला जवळ घेतलं, पेढा दिला. मग दोन महिन्यांत ती यायची बंद झाली. आजकालच्या मुलींना धीर नाही, असं मी दहा जणांत बोललेही.

मी मनोहरभाऊंना घेऊन आर्णीला गेले. नेरनंतर आम्ही प्रथमच एका गाडीत बसलो होतो. प्रणालीचं घर बाजाराच्या मागे. शिक्षण संपवून ती घरीच ब्लाउज शिवते. मला पाहून लगबगीने उठली, पाया पडली, आईला चहा ठेवायला सांगितला आणि पुन्हा मशीनशी बसली, कारण एक ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. मी तिला सगळं सांगितलं. तू बरोबर होतीस, मी चुकले, इतकं सरळ आयुष्यात मी कुणाशी बोलले नव्हते. ती ओठांत टाचण्या धरून ऐकत होती. मग टाचण्या काढून म्हणाली, ‘कॉलेजच्या गॅदरिंगसाठी निवड होती, बाई. पहिल्याच ओळीले सर म्हणे, सूर खाली हाय तुझा. मले वाटलं, बाई सांगतात ते बरोबरच असन, माहाच कान खराब असन. म्हणून सोडलं.’

‘मला येऊन सांगायचं होतंस.’

‘कसं सांगू? तुमाले वाईट वाटलं असतं न.’

मी तिला म्हटलं, एकदा षड्ज लाव. मनोहरभाऊंनी डबा सुरू केला, काळी चारवर, चोख. प्रणालीने मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं, डोळे मिटले. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून तिच्या हातांवर पडलं होतं, आतून आल्याच्या चहाचा वास येत होता, बाहेर दुचाक्यांची ये-जा चालली होती, आणि त्या सगळ्यातून तिचा आवाज वर आला. माझ्या अंगावर काटा आला. इतका नितळ, इतका स्थिर सूर मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी लावते अगदी तिथेच तो लागला होता. हे मनात आलं आणि मी चटकन मनोहरभाऊंकडे पाहिलं. ते दाराबाहेर रस्त्याकडे बघत होते. माझा दोष माझ्याबरोबर संपेल असं मी धरून चालले होते. तो या पोरीच्या गळ्यात घर करून बसला होता, आणि तिथेही तो मला ऐकू येत नव्हता.

‘बरोबर लागला का, बाई?’ तिने विचारलं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.